एसीच्या पाण्यावरचं अळू

आमच्या ताराबाई पार्कात हल्ली एक नवीनच फॅशन आलीय, एसीचा आऊटडोअर कुणाला दिसू द्यायचा नाही. बंगल्याला भारीतला रंग, दारात लॉन, आणि मधेच भिंतीला लागून ते पांढरं धूड घरघरत बसलेलं, ते झाकायचं. शेजारच्या काकींनी तर पुढनं लाकडी जाळी बसवून वर मधुमालती सोडली, असले घोस लागले की बघणारा थांबायचा. परवा टळटळीत दुपारी मेकॅनिक आलेला, खोली गार होईना म्हणून. मी कंपाउंडपाशी उभा (दुसऱ्याच्या घरातली दुरुस्ती बघायचा मला नाद आहे, असू दे). त्यानं जाळी हलवली आणि म्हणाला, "काकी, नाकातोंडावर उशी दाबल्यागत केलंय की ओ ह्याला."

हे मशीन मागनं आणि बाजूनं हवा ओढतं, गरम करून पुढनं फेकतं. पुढं आडवं काही आलं की फेकलेली हवाच फिरून परत आत जाते, कॉम्प्रेसर तापतो, बिल वाढतं आणि खोली तशीच. शिवाय मागच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत पाकळ्या आणि धुळीचा थर, वेलावरनं मुंग्या पार बोर्डापर्यंत. मागं फूटभर आणि पुढं दोन-तीन फूट मोकळं पाहिजे म्हणाला. काकी वेल तोडू देईनात. शेवटी ठरलं, वेल कंपाउंडवर वळवायचा आणि बाजूला कुंड्या ठेवायच्या, म्हणजे सर्व्हिसिंगला सरकवता येतील. झोतासमोर मात्र काही नको, फर्न वगैरे तर करपूनच जातं.

मला त्या सगळ्यात आवडतं ते ड्रेनच्या पाइपचं टोक. मार्चमध्ये हवा कोरडी असते तेव्हा नुसतं थेंब थेंब, आणि वळीव पडून गेला की बादली भरती. एसी मुळात माणसांच्या गारव्यासाठी निघालाच नव्हता. 1902 साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरियरनं हवेतला ओलावा धरायची यंत्रणा आखली. म्हणजे हे पाणी हेच पहिलं काम, आपण त्याला सांडपाणी म्हणतोय.

आणि सांडपाणी म्हटलं की मला शिवाजी पेठेतलं आजोळच आठवतं. न्हाणीच्या मागच्या भोकातनं पाणी परसात जायचं आणि तिथं अळूचं रान, कडेनं लाल कर्दळ, एक वाकलेली केळ. त्या ओलीला कुणी गार्डन म्हटलं नसतं, पण तिथला एक थेंब वाया जायचा नाही. आम्ही पोरं सुट्टीत न्हाणीत शिरलो की बंबातलं पाणी संपेपर्यंत तांबे ओतत बसायचो, आणि आजी परसात बसल्या बसल्या पाण्याच्या लोंढ्यावरनं ओळखायची कोण आत आहे ते. "बास की रं, अळू बुडालं!" मग तीच पानं काढून, चिंच घालून फदफदं. घसा खाजला तर ज्यानं जास्त पाणी ओतलं त्याचा दोष.

म्हणून मी आमच्या पाइपखाली अळूचे कांदे लावलेत. मस्त वाढलंय, पानं केवढाली! आई म्हणाली, वड्या करू. मी म्हटलं नको, ते पाणी तांब्याच्या नळ्यांवरनं येतं, कॉइलवर धूळ असते, बुरशी असते, शोभेलाच राहू दे. तर म्हणते, "साबणाच्या पाण्यावरचं अळू खाऊन एवढा ढाण्या झालास, आणि आता ह्याला नावं ठेवतोयस व्हय?" यावर काय बोलणार.

वड्या अजून केल्या नाहीत, पण तिची नजर त्या पानांवर आहे.

गल्लीच्या तोंडाला इस्त्रीवाले मामा बसतात. पुढ्यात कोळशाची इस्त्री, आणि बाजूच्या दुकानाचा आऊटडोअर बरोबर त्यांच्या पाठीवर, दुपारभर. काकींकडचं ऐकून आल्यावर मला ते पहिल्यांदा नीट दिसलं, इतकी वर्षं तिथनंच जातोय. दुकानदाराला म्हटलं, जरा वर चढवून घ्या की हे, भिंत मोकळी आहे. तो म्हणाला, मामांनीच टेबल सरकवावं की.

मामांना सरकायला मागं गटार आहे.