मृत्यूची वेळ लिहून झाल्यावर

कफ ओढायची सक्शनची नळी श्वासनलिकेत गेली की बेशुद्ध पेशंटसुद्धा ठसकतो. त्या रात्री नागपूरच्या आमच्या आयसीयूत पाच नंबरच्या बेडवर मी नळी घातली आणि काहीच झालं नाही. दुचाकीवरून पडलेला तिशीतला तरुण, डोक्याला मार. टॉर्च मारला तर बाहुल्या मोठ्या आणि ढिम्म. ड्युटी डॉक्टरांना उठवलं.

पहाटे युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, भरून वाहायच्या बेतात. तासाला सहाशे मिली, रंग नाही की काही नाही, नुसतं पाणी. मेंदूतून येणारं, लघवीला आवर घालणारं संप्रेरक बंद पडलं की असं होतं. रक्तातलं सोडियम चढून आलं १५८.

ब्रेन डेथ ठरवायला कायद्याने चार डॉक्टरांचं पॅनेल लागतं आणि प्रत्यारोपण करणाऱ्यांपैकी त्यात कुणी चालत नाही. चाचण्या दोनदा, मध्ये किमान सहा तास. अ‍ॅप्निया टेस्टला व्हेंटिलेटर काढतात, नळीतून ऑक्सिजन चालू ठेवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड ६० च्या वर जाईपर्यंत श्वास घेतला जातो का, ते बघतात. मी छातीवर नजर लावून उभी होते. छाती हलली नाही. सहा तासांनी पुन्हा तेच. फाइलवर मृत्यूची वेळ पडली ती या दुसऱ्या टेस्टची.

व्हेंटिलेटर परत जोडला आणि पंचाईत तिथूनच सुरू होते. त्याची बायको आत आली, हात धरला. "सिस्टर, छाती तर हालून राहिली न. हात बी गरम हाय." डॉक्टरांनी बाहेर बसवून सगळं समजावलं होतं, तरी विचारलं मलाच. मी म्हटलं, "ताई, ते मशीन हलवतंय. मशीन काढलं तेव्हा मी इथेच होते, त्यांनी एकही श्वास घेतला नाही." ती बराच वेळ काही बोलली नाही. अवयवदानाचा विषय मी काढला नाही. मृत्यू सांगणारा माणूस आणि दानाचं विचारणारा माणूस एकच असू नये, ही शिस्त आम्ही पाळतो. अवयवदानाचं काम बघणाऱ्या आमच्या कोऑर्डिनेटर ताई नंतर त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

संमती आली ती भावाच्या एका शंकेनंतर, आणि तीही त्याने मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारली: "सिस्टर, आता इथून पुढचं बिल आमच्यावर बसन का?" संमतीनंतरचा खर्च नातेवाइकांकडून घेता येत नाही. एवढं साधं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याकडे समुपदेशनाचे तक्ते भिंतीभर असतात आणि माणसाच्या पोटातली खरी भीती पैशाची असते.

आमच्याकडे प्रत्यारोपण होत नाही, फक्त अवयव काढायची परवानगी आहे. त्यामुळे नागपूरच्या झेडटीसीसीने, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राने, प्रतीक्षायादी बघून वाटप केलं की बाकी सगळी माणसं बाहेरून येणार: यकृतवाले एका रुग्णालयाचे, किडनीवाले दोन, डोळ्यांसाठी नेत्रपेढी. अपघाताची केस, म्हणून पोलिसांची ना हरकत आणि शवविच्छेदनाचे डॉक्टर. यांतले बरेच जण एकमेकांना ओळखतही नव्हते. कोऑर्डिनेटर ताईंचा फोन कानाचा सुटत नव्हता आणि दर अर्ध्या तासाने त्या माझ्या बेडशी येऊन आकडे विचारत होत्या.

यकृताच्या टीमचा पहिला प्रश्न सोडियमचा होता. १५५ च्या वर राहिलं तर यकृत घ्यायला ते कां-कूं करतात. व्हासोप्रेसिन, म्हणजे तेच बंद पडलेलं संप्रेरक, बाहेरून चालू होतंच. नाकातून पोटात जाणाऱ्या राइल्स ट्यूबमधून साधं पाणी, पाच टक्के डेक्स्ट्रोज, दर तासाला लघवी मोजून तेवढी भरपाई. शंभराचा नियम आम्ही पाठ करून ठेवलेला: वरचं बीपी शंभराच्या वर, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब शंभराच्या वर, लघवी तासाला शंभराच्या आसपास. अंग गार पडत होतं, वॉर्मर लावला. डोळ्यांची बुबुळं सुकू नयेत म्हणून मलम घालून पापण्या चिकटपट्टीने मिटल्या. संध्याकाळी सोडियम १४७. मी तो आकडा फोनवर दोनदा सांगितला, पलीकडून "निघतो" एवढंच आलं.

थिएटरमध्ये नेताना ब्रदर आणि मी सोबत, हाताने श्वासाची बॅग दाबत. शवविच्छेदनाचे डॉक्टर तिथेच हजर राहिले, म्हणून देह नंतर पुन्हा शवागारात अडकला नाही. टाके घातल्यावर अंग पुसलं, पट्टी स्वच्छ केली, भावाने आणलेला शर्ट घातला.

दुसऱ्या दिवशी पेपरात ग्रीन कॉरिडॉरची बातमी आली. ट्रॅफिक पोलिसांनी काम चोखच केलं, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं. पण ज्या डब्यासाठी रस्ता मोकळा केला, त्यातलं यकृत दिवसभर कुणी सांभाळलं, हा प्रश्न बातमीदाराला पडत नाही.

मेट्रन मॅडमना मात्र पडला. त्या दिवशी माझ्याकडे शेजारच्या बेडवरचा सेप्सिसचा पेशंटही होता. अशा केसला एका सिस्टरकडे एकच बेड हवा, असं मी लिहून दिलं. मॅडमनी ड्युटी लिस्टमध्ये ते घातलं. कोऑर्डिनेटरचा नंबर आता नर्सिंग स्टेशनच्या फळ्यावर आहे आणि सक्शनला खोकला आला नाही तर काय करायचं, हे नव्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगतो.