एका किलोची किंमत

रविवार, रात्री साडेदहा. इंदूर.

आज सुट्टी असूनही सांवेर रोडच्या वर्कशॉपचं शटर वर केलं. लेकीच्या कॉलेजची बाहाची, म्हणजे मुलांनी गाडी बनवण्याच्या स्पर्धेची, टीम येणार होती. पाच मुलं, दोन मुली आणि टेम्पोत लांबच लांब पाइप. येताना छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतून पोहे-जिलेबी घेऊन आली, पण खाऊन होईपर्यंत कुणाला धीर नव्हता. एका हातात पोह्यांचा कागद, दुसऱ्या हातात व्हर्निअर.

2007 मध्ये पिथमपूरला ही स्पर्धा पहिल्यांदा झाली, तेव्हा मी नुसता बघायला गेलो होतो. खडकाळ रस्त्यावर धावणारी एका माणसाची गाडी पोरांनी स्वतः बनवायची. इंजिन सगळ्यांना सारखंच, त्याला आतून हात लावायचा नाही. मग पुढे जायचं कशाच्या जोरावर? उरतं ते वजन.

“बाबा, डोळे मिटा,” म्हणत लेकीने माझ्या दोन्ही हातांत पाइपचे दोन तुकडे दिले, लांबीला सारखेच. एक साध्या स्टीलचा, 25 मिलिमीटर व्यासाचा, जाडी 3 मिलिमीटर. दुसरा क्रोमोलीचा, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेल्या स्टीलचा, व्यास 29.2, जाडी जेमतेम 1.65. पहिला मीटरला 1.6 किलो भरतो, दुसरा 1.1. डोळे मिटूनही लगेच कळलं. आणि वाकवायला गेलात तर हलकाच काकणभर जास्त ताठ! धातू पाइपच्या मध्यापासून जितका लांब, तितका तो वाकण्याला जास्त अडवतो, म्हणून व्यास थोडा वाढवला की जाडी बरीच उतरवता येते. तीस वर्षं पाइप कापतोय, हे गणित पाठ आहे, तरी हातात घेतल्यावर आज पुन्हा नवल वाटलं.

पण क्रोमोलीचा भाव साध्या पाइपच्या कितीतरी पट. शिवाय इतका पातळ पाइप टिग वेल्डिंगने जोडलेला बरा, आणि तोंडाची खाच अशी बसली पाहिजे की सांध्यातून उजेड दिसता कामा नये. एका खाचेला कानस मारायला मला चाळीस मिनिटं लागली. सबंध फ्रेमला वीसेक मीटर पाइप, म्हणजे वाचले दहा किलो. त्या दहा किलोंसाठी सात जणांचे किती रविवार गेले असतील!

संध्याकाळी रामबागेतला माझा शाळेपासूनचा मित्र आला. दोन महिने त्याच्या डोक्यात कॅटरहॅम सेव्हन ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. धंदा बरा चाललाय, मुलं मार्गी लागली आहेत, आता मनासारखं काही करायचं म्हणतो. आज फ्रेमकडे बघत त्याने विचारलं, “छप्पर नाही, दारं नाहीत, एसी नाही. जे नाही त्याचेच पैसे घेतात का रे हे लोक?”

मी म्हटलं, हो, त्याचेच घेतात, आणि ते रास्त आहेत.

लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनने 1957 मध्ये लोटस सेव्हन काढली, 1973 मध्ये तिचे हक्क कॅटरहॅमकडे गेले. 2021 मध्ये आलेलं तिचं 170 हे मॉडेल भरतं 440 किलो. आपल्या पहिल्या मारुती 800 पेक्षाही कितीतरी हलकी. इंजिन सुझुकीचं, 660 सीसी, 84 हॉर्सपॉवर. आकडा ऐकून मित्राचा चेहरा पडला. त्याच्या दारातल्या एसयूव्हीला याहून जास्त ताकद आहे. मग मी खडूने फरशीवरच हिशेब मांडला. चालकासकट सेव्हन 515 किलो, त्याची एसयूव्ही 1,675. दोन्ही ताशी 100 ला आहेत आणि समोर वळण आलं. पूर्ण थांबायचं तर सेव्हनच्या ब्रेकना दोन लाख ज्यूल पचवायचे, एसयूव्हीच्या ब्रेकना साडेसहा लाख. वळणासाठी नुसता वेग कमी केला तरी प्रमाण तेच, आणि हे प्रत्येक फेरीत, प्रत्येक मोठ्या वळणाला. जड गाडीचे ब्रेक थोड्याच फेऱ्यांत तापून पेडल मऊ पडायला लागतं, टायर घासले जातात ते वेगळंच. हलकी गाडी तासभर तशीच पळते. जास्त ताकदीने सरळ रस्त्यावर वेग मिळतो, पण ब्रेक मारताना, वळताना, वळणातून बाहेर पडताना कमी वजनाचा उपयोग दर वेळी होतो.

तरीही, घे असं मी त्याला म्हटलं नाही.

2021 च्या सुमारास ही गाडी ब्रिटनमध्ये 23 हजार पौंडांपासून होती. तयार गाडी बाहेरून आणायची तर आपल्याकडे आयात शुल्क तेव्हा वर्षानुवर्षं 60 ते 100 टक्के होतं, म्हणजे शुल्कातच जवळपास दुसरी गाडी जायची. आणि आणून पळवायची कुठे? पिथमपूरचा 11.3 किलोमीटरचा नॅट्रॅक्स आपल्या शेजारी आहे, मला त्याचा अभिमानही आहे, पण तो चाचणीचा लंबगोल ट्रॅक, सतत मोठा वेग ठेवण्यासाठी बांधलेला. सेव्हनसारखी गाडी खुलते ती लहान वळणांत. त्यासाठी ट्रकवर चढवून कोइम्बतूर किंवा चेन्नईच्या ट्रॅकवर न्यायची. वर्षातून दोनदा नेली तर पुष्कळ. उरलेले दिवस ती रामबागेत कव्हरखाली उभी राहणार. बंद गाडी मला बघवत नाही.

त्याला करिवर्धन यांच्याबद्दल सांगितलं. ऐंशीच्या दशकात कोइम्बतूरच्या या माणसाने मारुती 800 चे भाग वापरून एका माणसाच्या हलक्या रेसगाड्या बनवल्या आणि सामान्य खिशाच्या पोरांना शर्यतीत उतरवलं. तिथला ट्रॅक आज त्यांच्याच नावाचा आहे. तिथे रेसिंग स्कूलच्या फॉर्म्युला गाड्या फी भरून चालवायला मिळतात. “आधी तिकडे चल,” म्हटलं. “दोन दिवस चालव. उतरल्यावर तुझे हात थरथरत असतील आणि तरी परत बसावंसं वाटलं, तर गाडीचं बोलू. मी येतो बरोबर.”

तो बराच वेळ गप्प होता. मग खाली बसून क्रोमोलीचा तुकडा उचलला, साध्या स्टीलचा उचलला, पुन्हा क्रोमोलीचा. जाताना विचारलं, “हा ठेवू का?” दिला.

लेक अजून जागीच आहे, ब्रेक पेडलच्या ब्रॅकेटचं ड्रॉइंग घेऊन. त्यातून 180 ग्रॅम निघतील म्हणते. भोकं कुठे पाडायची यावर आमचं एकमत नाही. वेल्डजवळचं भोक मी पाडू देणार नाही. तिच्या पायाचा सगळा जोर तिथेच येतो.