मंगळाच्या उतारांवरील काळ्या रेघा

मंगळाच्या कक्षेतून घेतलेले छायाचित्र उघडल्यावर मी सर्वांत आधी ऊन कोणत्या बाजूने पडले आहे, ते पाहतो; कारण प्रकाशाची दिशा उलटी धरली, तर विवराची टेकडी होते. 'मार्स रिकनेसन्स ऑर्बिटर' या यानावरील हायराइज कॅमेरा बहुतेक छायाचित्रे तेथील दुपारी तीनच्या सुमारास टिपतो. त्यामुळे उत्तर दिशा वर ठेवून मांडलेल्या चित्रात प्रकाश साधारणतः डावीकडून येतो, विवराची डावी भिंत सावलीत जाते आणि उजवी उजळते. या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे जेमतेम 25 ते 30 सेंटिमीटर. लोणारएवढे विवर त्यात सुमारे सहा हजार पिक्सेल रुंद भरेल.

एवढे बारीक दिसले, तरी एकाच छायाचित्रावर निष्कर्ष काढता येत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याला सर्वांत चांगला दाखला मंगळावरच्या काळ्या रेघांचा आहे. उन्हाळ्यात तीव्र उतारांवर उमटणाऱ्या, हळूहळू खाली वाढणाऱ्या, थंडीत फिकट होऊन पुढच्या वर्षी पुन्हा दिसणाऱ्या या रेघांची माहिती 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. त्या जेमतेम अर्धा ते पाच मीटर रुंद असतात, म्हणजे चित्रात काही वेळा अवघे दोन-तीन पिक्सेल. एकाच उताराची महिन्यामहिन्यांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे शेजारी ठेवली नसती, तर त्या वाढतात हे कळलेच नसते. 2015 मध्ये तेथे जलयुक्त क्षार आढळल्याचे जाहीर झाले आणि खारट पाणी झिरपते, हा समज पक्का होऊ लागला.

पुढे निर्णायक ठरली ती उताराची मोजणी. एकाच जागेची दोन वेगवेगळ्या कोनांतून घेतलेली छायाचित्रे जुळवून उंचीचा नकाशा तयार करता येतो. अशा नकाशांवरून 2017 मध्ये दिसून आले, की या रेघा साधारण 27 अंशांहून तीव्र उतारावर सुरू होतात आणि कोरडी वाळू जिथे थांबावी, जवळपास त्याच उतारावर थांबतात. पाणी असते, तर ते कमी उतारावरही पुढे सरकले असते. 2018 च्या ग्रहव्यापी धुळीच्या वादळानंतर अशा रेघा फार मोठ्या प्रमाणात दिसल्या, त्यामुळे मला धूळ आणि कोरड्या वाळूचेच स्पष्टीकरण अधिक पटते.