माझा अनुभव : पावसाळी गटाराचं अडकलेलं झाकण

चार माणसं, दोन पहारी, आणि झाकण तसूभरही हललं नाही. पणजीत मळा भागात आमच्या फाटकासमोरच्या पावसाळी गटाराचं हे बिडाचं झाकण. पाऊस तोंडावर आलेला आणि गटार गाळाने तुंबलेलं. त्याआधी "हे झाकण कुणाचं?" एवढ्या एका प्रश्नावर झाकणाबद्दलचा आमचा अर्ज दोन कार्यालयांत फिरत राहिला, त्याचा राग अजून गेलेला नाही. अर्ज कराल तेव्हा झाकणावरची अक्षरं वाचता येतील असा फोटो जोडा. एमडी-१० (मध्यम भाराचं), एचडी-२० (जड भाराचं) अशा खुणांतला आकडा झाकण किती टन भार पेलतं त्याचा असतो, त्याच्या स्वतःच्या वजनाचा नव्हे.

झाकणाच्या वजनाचा हिशोब आधी करून ठेवा. ६० सेंटिमीटर चौरस आणि १० सेंटिमीटर जाड काँक्रीटचं झाकण ९० किलोच्या आसपास भरतं. हे कंबरेने उचलायचं काम नाही.

आमचं चुकलं ते इथे : झाकण सुटं न करताच आम्ही पहार लावली. लोखंड गंजलं की फुगतं. खाऱ्या हवेत गंज झपाट्याने चढतो आणि झाकण व चौकट यांच्यामधली फट भरून टाकतो. वर रस्त्याची धूळ आणि डांबरीकरणात सांडलेलं डांबर. अशा वेळी एका बाजूने पहार मारली, की समोरची कड चौकटीत आणखी रुतते. जितका जोर लावाल तितकं ते घट्ट बसतं.

म्हणून आधी फट मोकळी करायची. जुना स्क्रूड्रायव्हर किंवा हॅक्सॉचं तुटकं पातं घेऊन पूर्ण कडेने खरवडा, टोक खालच्या बैठकीला टेकेपर्यंत. एक वीतभर जागा जरी राहिली तरी झाकण तिथेच धरून राहतं. झाकण उचलायच्या किल्लीची भोकं मातीने भरलेली असतात, ती चमच्याने कोरा. गंज सोडवणारं तेल थोडंसं फटीत सोडून रात्रभर मुरू द्या. सकाळी कडेवर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर घणाचे बेताचे ठोके देत गोल फिरा. घण थेट बिडावर मारू नका, बीड ठिसूळ असतं, तडकतं. ठोक्यांकडे कान ठेवा : अडकलेलं झाकण बद्द वाजतं, सुटलं की आवाज मोकळा होतो आणि फटीतून तांबडी भुकटी उडते. तो आवाज आला तेव्हा आम्हाला हायसं वाटलं. मग दोनच माणसांनी झाकण काढलं.

पहारीखाली लाकूड टेकवून एक कड दोन इंच वर घ्या, लगेच फटीत ठोकळा सरकवा. मग खाली जीआय पाइपचा तुकडा घालून झाकण बाजूला ओढायचं, उभं करायचं नाही. बोटं कधीच कडेखाली नकोत. गोल झाकण आत पडत नाही. चौकोनी मात्र तिरकं झालं की कर्णातून सरळ आत जातं, त्याला दोर बांधून ठेवा.

हे खरं तर आधी सांगायला हवं होतं : दिवस ओहोटीचा धरा. इथली गटारं खाडीला मिळतात, भरतीला पाणी उलटं चढतं आणि गाळ दिसतच नाही. रस्त्यावर पाणी साचलेलं असताना तर झाकणाला हातच लावू नका. उघडं भोक पाण्याखाली कुणालाच दिसत नाही.

आत उतरायचं नाही, डोकंही घालायचं नाही. पावसाळी गटारात सांडपाणी मिसळलेलं असतं, आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू वाढला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. तुंबलं कुठे ते पाहायला आरसा पुरे : एका चेंबरमध्ये आरशाने ऊन पाडायचं आणि पुढच्या चेंबरमध्ये काठीला बांधलेल्या दुसऱ्या आरशात पाहायचं. उजेडाचा पूर्ण गोल दिसला तर वाट मोकळी.

बसवताना चौकटीची बैठक तारेच्या ब्रशने घासून ग्रीस लावा. नंतर झाकणाच्या चारही बाजूंवर पाय देऊन बघा. डगमगलं तर पुन्हा काढा, खाली खडा राहिलेला आहे.