तुम्ही विचारलेत म्हणून : मिठी आणि तीन जजांचे कागद

भुसावळात मी गेली अठरा वर्षे मुलांना बॉक्सिंग शिकवतो. अमेरिकेतली एखादी मोठी लढत आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते, आणि त्या संध्याकाळी मुलांना सोडायला आलेले वडील-काका हॉलच्या दारात मला हमखास एकच प्रश्न विचारतात : "सर, हे लोक ठोसे कमी मारतात आणि एकमेकांच्या गळ्यातच जास्त पडतात, वर ज्याने जास्त मार खाल्ला त्याचाच हात वर होतो, हे सगळं आधीच ठरलेलं असतं का हो?" दारात उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितो आहे.

विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांची नजर कुस्तीवर तयार झाली आहे. यावल-रावेरकडच्या जत्रांतल्या दंगली पाहत ते वाढले, आणि दंगलीत पकड हाच मुळी खेळ असतो. बॉक्सिंगच्या नियमांत मात्र समोरच्याला धरून ठेवणे हा दोष आहे, आणि तरीही प्रत्येक प्रशिक्षक ते शिकवतो, मीही शिकवतो. कानशिलावर ठोसा बसून पायातले बळ गेले की नवशिका मुलगा मागे सरतो आणि दुसरा ठोसा खातो. त्याला सांगावे लागते की मागे नको, पुढे जा; कपाळ त्याच्या खांद्यावर टेकव, हात त्याच्या दंडांवरून फिरवून कोपराच्या वर आवळ, आणि तोंड मिटून नाकाने श्वास घे. घामाने ओले झालेले ग्लोव्हज निसटत असतात, समोरचा मोकळ्या हाताने बरगड्यांवर मारत असतो, आणि रेफरीचा "ब्रेक" कानावर येईपर्यंतच्या त्या चार-पाच सेकंदांत डोळ्यांपुढची अंधारी ओसरते. अशा मिठीला मी भित्रेपणा मानत नाही. तिने पोरांचे डोके वाचते.

दोष सुरू होतो तो शुद्धीवर असलेला, ताजातवाना बॉक्सर प्रत्येक ठोशानंतर गळ्यात पडू लागतो तेव्हा. ऑक्टोबर 2013 मध्ये मॉस्कोत व्लादिमिर क्लिच्को अलेक्झांडर पोवेत्किनशी लढला, तेव्हा तो एक ठोसा मारी आणि लगेच आपले अवजड शरीर पोवेत्किनच्या मानेवर टाकी. पोवेत्किन चार वेळा खाली पडला आणि तिन्ही जजांनी 119-104 असा निकाल दिला, त्यामुळे विजेत्याबद्दल वाद नव्हता. पण असे अंगावर रेलण्या-ढकलण्यासाठी क्लिच्कोचा गुण कापला गेला तो थेट अकराव्या फेरीत. माझ्या मते तो गुण चौथ्या-पाचव्या फेरीतच जायला हवा होता. जानेवारी 1974 मधल्या मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांच्या दुसऱ्या लढतीतही अलीने बारा फेऱ्यांत फ्रेझरची मान पुन्हा पुन्हा खाली दाबून धरली आणि रेफरीने ते चालू दिले. फ्रेझरचे प्रशिक्षक एडी फच हे विसरले नाहीत. पुढच्या वर्षी मनिलात झालेल्या दोघांच्या तिसऱ्या लढतीला तोच रेफरी नको, असा आग्रह त्यांनी धरला आणि तो मान्य करवून घेतला. मिठीवर इलाज रेफरीच्या हातात असतो, हे त्यांनी ओळखले होते.

आता निकालाचे. व्यावसायिक लढतीत तीन जज रिंगच्या तीन बाजूंना बसतात आणि प्रत्येक फेरी वेगळी मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला 10 गुण, हरणाऱ्याला बहुधा 9, तो खाली पडला असेल तर 8. त्यामुळे एखाद्याने सात फेऱ्या केसभराच्या फरकाने घेतल्या आणि उरलेल्या पाच फेऱ्यांत सपाटून मार खाल्ला, पण खाली पडला नाही, तर तो 115-113 असा जिंकतो. घरी बसलेला माणूस एकूण मार मोजतो, जज फेऱ्या मोजतो, आणि निम्मे वाद या फरकातून उठतात. त्यात मिठ्यांनी भरलेली फेरी आली की स्वच्छ ठोसे चार-पाचच उरतात. मिठीतल्या बॉक्सरची पाठ ज्या जजकडे असते, त्याला आतल्या बाजूने बसलेला ठोसा दिसतच नाही.

हे मी स्वतः अनुभवले आहे. एका शालेय स्पर्धेत मी जज म्हणून बसलो होतो. लाल कोपऱ्यातल्या मुलाच्या प्रत्येक ठोशाला त्याचे गाववाले उठून ओरडत होते आणि तिसरी फेरी मी त्याला दिली. संध्याकाळी समोरच्या बाजूने मोबाइलवर घेतलेले चित्रण कुणीतरी दाखवले. त्याचे जवळपास सगळे ठोसे निळ्या कोपऱ्यातल्या मुलाच्या हातांवर अडले होते, आणि त्या मुलाने मिठीतून सुटताना मारलेले दोन छोटे अपरकट (खालून वर मारलेले ठोसे), जे मला दिसलेच नव्हते, ते हनुवटीवर बसले होते. त्या पोराला मी घरी जाऊन भेटलो आणि चूक माझी होती असे सांगितले. तेव्हापासून मुलांना लढती दाखवतो त्या आवाज बंद करून, आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा कागद न पाहता दर फेरीनंतरच्या एका मिनिटात गुण लिहायचे, असा नियम आहे. जून 2012 मधली पॅकियाओ-ब्रॅडली लढत, जी दोन जजांनी ब्रॅडलीला 115-113 अशी दिली, ती आमच्या एकाही कागदावर ब्रॅडलीची निघाली नाही. मात्र तीन-चार फेऱ्यांवर पोरांचे एकमत झाले नाही, हेही तितकेच खरे.

तर सगळे आधीच ठरलेले असते का? बहुतेक वेळा मला तसे वाटत नाही. पण प्रत्येक कागद कोनाच्या आणि केसभर फरकाच्या नावावर खपवता येत नाही. मार्च 1999 मध्ये न्यूयॉर्कला लेनॉक्स लुईस आणि इव्हँडर होलिफिल्ड यांच्या लढतीत लुईसचे 348 ठोसे बसले आणि होलिफिल्डचे 130, तरी एका जजने होलिफिल्डला विजयी धरले आणि लढत बरोबरीत सुटली. सप्टेंबर 2017 मध्ये अल्वारेझ-गोलोव्किन लढतीत एका जजने गोलोव्किन दोन गुणांनी पुढे दाखवला, दुसऱ्याने बरोबरी, आणि तिसऱ्या कागदावर अल्वारेझ 118-110, म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या त्याच्या. ती लढत आम्ही हॉलमध्ये दोनदा पाहिली, जागा बदलून पाहिली, पण त्या दहा फेऱ्या आम्हाला कोणत्याच बाजूने सापडल्या नाहीत.