टाकीतला पारा

मंगळवार, रात्री साडेअकरा

तीन आठवडे मला न सापडलेली चूक आज लॅबमधल्या मामांच्या हाताला लागली, तीही टाकीतलं पाणी उपसताना. "ताई, बर्फ झालाय नुसता," म्हणाले आणि हात पँटला पुसले.

माझं काम फोटोअकूस्टिक इमेजिंगचं, म्हणजे लेझरने आवाज काढून रक्तवाहिन्यांचं चित्र बनवायचं. सरावासाठी माझी 'रक्तवाहिनी' म्हणजे आगरच्या (जेलीसारख्या) वडीत ओवलेला काळा दोरा. लेझरचा काही नॅनोसेकंदांचा झटका बसला की दोरा प्रकाश शोषतो (खऱ्या शरीरात हे काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं), कणभर तापतो, फुगतो, आणि त्या फुगण्याचा आवाज अल्ट्रासाऊंड होऊन पाण्यातून सेन्सरपर्यंत येतो. सेन्सर 40 मिमीवरून दोऱ्याभोवती गोल फिरतो. आवाज किती वेळाने पोचला, त्यावरून दोरा कुठे ते काढायचं. ऑक्टोबरात चित्र झकास येत होतं. डिसेंबर संपता संपता एका दोऱ्याचे दोन झाले.

आधी वाटलं नॉइज. 16 झटक्यांची सरासरी घेत होते ती 256 वर नेली. वेळ सोळापट, नॉइज कमी होणार फक्त चौपट. अख्खी दुपार गेली आणि दोन्ही दोरे आणखी ठळक झाले. मग फ्रांगी फिल्टर लावला. 1998 पासूनचा, नळीसारखं दिसेल ते उचलून धरणारा. त्याने दोन इतक्या देखण्या शिरा काढून दिल्या की मी ते चित्र सरांना पाठवलंसुद्धा. आता आठवलं तरी कान तापतात.

मामांचं ऐकून थर्मामीटर घातला: 15 अंश. एवढ्या गार पाण्यात आवाज सेकंदाला 1466 मीटर जातो, 26 अंशांना 1500. आणि प्रोग्रॅममध्ये ऑक्टोबरात भरलेले 1500 तसेच! 40 मिमीच्या वाटेत जवळपास 1 मिमीची चूक, समोरासमोरच्या बाजूंनी उलट दिशांना. म्हणून दोन रेषा. आकडा बदलून जुनाच डेटा पुन्हा चालवला, तर दोन्ही मिळून एक बारीक काळी रेघ.

मी निफाडच्या द्राक्षबागायतदाराची लेक. रोज सकाळी सहाला अण्णांचा फोन: "आज पारा सातवर गं, बागेत शेकोट्या केल्या, मणी तडकायला नकोत." मी "हो का" म्हणत पंचवटीतून रिक्षा शोधायला पळते. रात्रभर खिडकीखाली असलेल्या टाकीचा पारा काही बघितला नाही. अण्णांना आज सांगितलं नाही. हसतील.

शाईने भरलेली 3 मिमीची नळी मात्र अजून पोकळच दिसते, नुसते दोन काठ. यात पाण्याचा दोष नाही. सेन्सर 5 मेगाहर्ट्झचा. जाड नळीचा खालच्या पट्टीतला आवाज त्याला ऐकूच येत नाही. उद्या शेजारच्या विभागात 1 मेगाहर्ट्झचा मागायला जायचंय. मागच्या वेळी नेलेली केबल अजून माझ्याकडेच आहे, आधी ती परत करायला हवी.