हात, कागदाची मागची बाजू आणि कुंडीतलं लिंबू: नोंद सहावी

मागच्या नोंदीला दीड महिना झाला. तेव्हा ठरवलं होतं की चित्रकारांवरचे माहितीपट नुसते बघत सुटायचं नाही. एकेक फिल्म तीनदा बघायची, आणि तिसऱ्यांदा आवाज पूर्ण बंद करून. त्यामुळे चारच बघून झाल्या. पण आवाज बंद केल्यावर एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरायला लागली: कॅमेरा चित्रकाराच्या हाताचं काय करतो? काही फिल्म हात दाखवतात, काही लपवतात, काही त्याच्याकडे बघतही नाहीत. चित्र काढणं म्हणजे काय, याचं दिग्दर्शकाचं उत्तर मला तिथेच सापडतं.

पहिली घेतली फ्रेंच दिग्दर्शक क्लुझोची ‘द मिस्टरी ऑफ पिकासो’ (१९५६). हिच्यात बराच वेळ हात दिसतच नाही. शाई आरपार उतरेल असा कागद ताणून लावलाय, अलीकडे कॅमेरा, पलीकडे पिकासो. आपल्याला फक्त पांढरा कागद दिसतो आणि त्यावर रेघ आपसूक उगवत जाते. एका जागी क्लुझो सांगतो की रिळात आता पाचच मिनिटांची फिल्म उरलीय. पिकासो फुलांचा गुच्छ काढायला घेतो. फुलांचा मासा होतो, माशाची कोंबडी, आणि कोंबडीतून शेवटी एक चेहरा वर येतो. पहिल्यांदा बघताना मासा झाला तेव्हाच मला वाटलं होतं, झालं चित्र. माझं समाधान होतं तिथून त्याचं काम सुरू होतं, हे पाहून मी रिमोट बाजूला ठेवला आणि गप्प बसून राहिलो.

हे घरी करून बघायचंच होतं. जुन्या फोटोची लाकडी चौकट घेतली, तिला ट्रेसिंग पेपर टाचण्यांनी ताणून बसवला आणि मागे स्टँडवर मोबाइल लावला. पाण्याच्या शाईने कागद लगेच फुगला आणि त्याच्या लाटा झाल्या. परमनंट मार्करने काम झालं. दुसरी अडचण उजेडाची. दिवा चित्र काढणाऱ्याच्या पाठीमागे ठेवला की हाताची सावली थेट कागदावर पडते. शेवटी दोन एलईडी दोन्ही बाजूंना अगदी तिरपे लावले आणि मोबाइलच्या बाजूचे सगळे दिवे बंद केले, तेव्हा सावली बरीचशी निघाली. कुणी करणार असाल तर हे आधीच करा, दोन संध्याकाळी वाचतील.

चित्र काढायला भाचीला बसवलं. तिने गणपती काढला. चित्रण बघताना ती ओरडलीच, “मामा, सोंड उलटीकडे वळलीय!” मागून टिपलेलं म्हणजे आरशातल्यासारखंच येणार. एडिटिंगमध्ये चित्र आडवं पलटलं की सरळ होतं. पण मला मोलाचं वाटलं ते वेगळंच. सोंड, कान, मुकुट भराभर आले आणि डोळ्यांपाशी रेघ थांबली. काही सेकंद पडद्यावर काहीच घडत नाही. मग एक बारीकसा ठिपका येतो. हात समोर असता तर मी हाताकडेच बघत बसलो असतो. तो दिसत नव्हता म्हणून त्याचं थांबणं दिसलं. क्लुझोने कॅमेरा कागदामागे का नेला, ते मला त्या ठिपक्यापाशी समजलं.

सत्यजित राय यांची ‘द इनर आय’ (१९७२) याच्या बरोब्बर उलट. वीसेक मिनिटांची, फिल्म्स डिव्हिजनची. ती ज्यांच्यावर आहे ते चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी हे राय यांचे शांतिनिकेतनातले शिक्षक. जन्मापासूनच नजर अधू, आणि पन्नाशीत डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पुरती गेली. इथे हात लपवून चालणारच नाही, कारण कागदाच्या घड्या घालताना, आकार चाचपताना तो हातच बघत असतो. फिल्मच्याच वर्षी, १९७२ मध्ये, त्यांनी शांतिनिकेतनच्या कलाभवनात सिरॅमिक टाइल्सचं भित्तिचित्र केलं. मला मात्र पुन्हा पुन्हा मागे जाऊन बघावंसं वाटतं ते तिथल्याच हिंदी भवनातलं, १९४६-४७ मधलं, मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र. आधी पूर्ण आकाराचं रेखाटन करून ते भिंतीवर छापून न घेता त्यांनी थेट ओल्या गिलाव्यावर काम केलं. त्या संतांमध्ये सूरदासही आहे. अंध कवी रंगवला तेव्हा चित्रकाराला अजून थोडं दिसत होतं. फिल्म संपताना निखिल बॅनर्जींची सतार आहे, राग आसावरी. तिसऱ्या वेळीही तिथे आवाज बंद करवेना. नियम मोडला, आणि तो मोडायलाच हवा होता.

हुसेन यांची ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ (१९६७) यादीत बसते का, यावर आपल्यात वाद होऊ शकतो, कारण ती चित्रकारावरची नाही, चित्रकाराने केलेली आहे. बर्लिनला लघुपटांमधलं गोल्डन बेअर तिला मिळालं. राजस्थानातली छत्री, कंदील, जोडा. निवेदनाचा भार नाही. कुंचला धरलेला हात नाही, फक्त कशाकडे बघायचं ते आहे. मी तिला यादीत ठेवलंय.

उरली स्पॅनिश दिग्दर्शक व्हिक्तोर एरिसेची ‘द क्विन्स ट्री सन’ (१९९२), चित्रकार आंतोनियो लोपेसवरची. माद्रिदमध्ये स्टुडिओच्या अंगणात स्वतः लावलेलं क्विन्सचं झाड लोपेस १९९० च्या शरदात रंगवायला घेतो. पिवळी, पेरूच्या आकाराची फळं. पाय रोज त्याच जागी पडावेत म्हणून जमिनीत खिळे ठोकतो, ओळंबा सोडतो, पानांवर आणि फळांवर पांढऱ्या खुणा करतो. फळ जड होतं, फांदी वाकते, खूण खाली सरकते. पाऊस येतो, ऊन बदलतं. शेवटी तैलचित्र सोडून तो पेन्सिल घेतो, आणि तेही पुरं होत नाही. फळं पडतात, कुजतात. सव्वादोन तास, आणि मला एकही मिनिट जास्तीचं वाटलं नाही.

त्यावरून गच्चीतल्या कुंडीतल्या लिंबावर मीही पांढऱ्या पोस्टर कलरने तीन खुणा केल्यात: दोन पानांवर, एक फळावर. मागे भिंतीला दोरा आडवा बांधलाय आणि फरशीवर पावलांच्या जागी खडू. रोज सकाळी सातला एक फोटो आणि दहा मिनिटं रेखाटन. आज अठरावा दिवस. फळावरची खूण दोऱ्याच्या बोटभर खाली आलीय. एका पानाची खूण दिसेनाशी झाली, कारण पान कुशीवर वळलं. ते आधीच्या रेखाटनात खोडून नवं काढावं, की जुनं पान तसंच राहू द्यावं, हे ठरलेलं नाही. लोपेसने नेमकं काय केलं ते बघायला आज रात्री तो भाग चौथ्यांदा लावतोय.